अडलं कुठे ते वाचा, पुसू नका

तर मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची वेगळी सोय ठेवली, पण सांगणं एकच होतं : आता विंडोज ११ कडे चला. विंडोज ११ ला काय लागतं? इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. म्हणजे २०१४ साली घेतलेला लॅपटॉप कितीही धडधाकट असला तरी त्यांच्या लेखी तो संपला. कीबोर्ड चालतोय, पडदा स्वच्छ आहे, बिजागऱ्या शाबूत आहेत, आणि तरी संपला. आम्हा शिक्षकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात त्यातलाच प्रकार. असो.

अशाच एका निवृत्त लॅपटॉपची ही हकीकत. पुण्याच्या नातवाने नवा घेतला आणि जुना माझ्याकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, "आजी, याचं आता काही होत नाही, भंगारात दे." मी नुसतं बरं म्हटलं. माझ्या मनात वेगळंच होतं.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात माझा एक जुना विद्यार्थी यंत्रमागावर काम करतो. त्याची मुलगी दहावीनंतर कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागली. घरात एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात. पोरगी प्रोग्रॅम वहीत लिहायची आणि कॉलेजात मशीनवर पाळी आली की टाइप करायची. वहीत लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर की चूक हे वही सांगत नाही ना! म्हटलं, हा लॅपटॉप हिला द्यावा. विंडोज नाही तर नाही, लिनक्स टाकून द्यावं. (तिचं नाव मुद्दामच देत नाही. पोरगी म्हणूनच म्हणते.)

बापाने तो एका दुकानात नेला. दुकानदाराने तीनदा लिनक्स टाकायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा सुरुवातीचं चिन्ह पडद्यावर आलं आणि मशीन तिथेच थिजलं. तीनशे रुपये घेतले आणि "मशीन गेलंय, फेकून द्या" म्हणून परत दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगी लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या दारात. "बाई, राहू द्या. आपल्याला नाही जमणार हे."

लॅपटॉप गेला असता तर मला फारसं काही वाटलं नसतं. पण सोळा वर्षांची पोर, कॉम्प्युटर शिकायला निघालेली, पहिल्याच अडथळ्याला "आपल्याला नाही जमणार" म्हणते, हे मात्र लागलं. म्हटलं, बस आधी. चहा पिऊ. मग बघू अडलंय कुठे.

पुढचं सांगण्याआधी आमच्या नातेवाईक मंडळींसाठी, म्हणजे ज्यांना लिनक्स हे साबणाचं नाव वाटतं त्यांच्यासाठी, चार ओळी. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. त्या हौसेचं पुढे जगभरच्या लोकांनी मिळून जे केलं ते लिनक्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. जगातले सगळ्यात मोठे पाचशे सुपरकॉम्प्युटर मोजतात, ते नोव्हेंबर २०१७ च्या यादीपासून सगळेच्या सगळे त्याच्यावर चालतात. आपल्या सी-डॅकनेही २००७ साली बॉस नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं तर कितीतरी वर्षं यावरच शिकताहेत. फुकट मिळतं, हवं त्याला वाटता येतं, आणि जुन्या मशीनवर बरं चालतं. त्याच्या अनेक जाती आहेत. मी त्यातलं लिनक्स मिंट निवडलं, कारण मी स्वतः तेच वापरते. त्याला कमीत कमी दोन जीबी मेमरी लागते, चार असली तर बरं. आमच्या लॅपटॉपात चार होती.

आता मुद्द्याचं. शाळेत गणित घेताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघितली. पाटीवर उदाहरण अडलं की मूल पहिलं काय करतं? पुसून टाकतं. अडल्याची लाज वाटते म्हणून. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. पुन्हा त्याच पायरीवर अडतं, पुन्हा पुसतं. तिसऱ्यांदा पुसलं की म्हणतं, "बाई, मला गणित येत नाही." वास्तविक त्याला नव्याण्णव टक्के गणित येत असतं. हातचा कुठे धरायचा एवढंच अडलेलं असतं. पण ती पायरीच पुसली गेली तर मी सांगू काय?

दुकानात नेमकं हेच झालं होतं. अडलं, बंद केलं, पुन्हा टाकलं. पुन्हा अडलं, पुन्हा टाकलं. तीन वेळा तेच केल्याने तिसऱ्यांदा काही निराळं होईल, असं कशावरून?

म्हणून पोरीला पहिला नियम सांगितला : आज आपण काही दुरुस्त करायचं नाही. फक्त कुठे अडतंय ते बघायचं. नवी वही काढली. वर तारीख घातली.

पहिली शंका पेनड्राइव्हची. लिनक्स टाकायचं म्हणजे इंटरनेटवरून अडीच-तीन जीबीची एक फाइल उतरवायची, ती पेनड्राइव्हवर चढवायची, आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. उतरवताना फाइल जरा जरी खराब झाली तरी मशीन मध्येच अडकू शकतं, आणि बोल मशीनला लागतो. हे तपासायला एक छान सोय आहे. फाइल देणारे लोक तिच्याबरोबर चौसष्ट अक्षरांचा एक ठसा प्रसिद्ध करतात. आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा ठसा काढायचा आणि ताडून बघायचा. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. वाण्याकडून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलावी तसं. पोरीने एकेक अक्षर बोट ठेवून ताडलं. जुळलं. वहीत लिहिलं : फाइल ठीक. मग पेनड्राइव्हही तपासला. मिंटच्या सुरुवातीच्या यादीतच त्याची सोय असते. तोही ठीक निघाला.

दुसरा प्रश्न : हँग म्हणजे नक्की काय झालंय? आपण सगळ्याला हँगच म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. एक, मशीन नुसतं हळू चालतंय आणि आपला धीर सुटलाय. जुन्या डिस्कवर, स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर पाच-सात मिनिटंसुद्धा लागतात. दोन, मशीन आतून जागं आहे, पण पडदा आंधळा झालाय. तीन, मशीन खरंच थिजलंय. ओळखायचं कसं? कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत कोणीतरी जागं आहे. काहीच होत नसेल तर तिसरा आजार. आणि दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर लिनक्सच्या गाभ्याने स्वतःच हात टेकलेत असं समजायचं. जागं असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबून बघावं. कधी कधी चित्राच्या जागी नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो आणि तिथून काम करता येतं.

आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. दिवा लागेना. वहीत लिहिलं : खरंच थिजतंय.

तेवढ्यात बापही आला पाळी संपवून. कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच. म्हणाला, "बाई, तापत असंल. आमच्याकडं माग तापला की असंच." शंका रास्त होती. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, आणि लॅपटॉपच्या पंख्यात धूळ बसली की तो तापून बंद पडतो, हेही खरं. पण मग तो स्वतःच थांबला. त्याने विचारलं, "पण दरवेळी एकाच जागी अडकतंय का कुठंबी?"

मी म्हटलं, अरे, का विचारतोस?

तर तो सांगायला लागला. त्यांच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर चादरी निघतात. जेकार्डला नक्षी कशी कळते? पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते, त्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आता चादरीत खोट आली तर जुना कारागीर आधी एकच बघतो. खोट दर नक्षीत नेमक्या त्याच जागी येते का? येत असेल तर ती कार्डात आहे. आज इथे, उद्या तिथे, अशी येत असेल तर ती सुतात आहे, ताणात आहे, नाहीतर हवेत.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माझ्या वर्गात सातवीपर्यंत होता, आणि निदानाची सगळी विद्या त्याने दोन वाक्यांत सांगितली होती! पुस्तकात असं लिहिलेलं असतं : गरमी, खराब मेमरी, मरायला टेकलेली डिस्क यांच्यामुळे मशीन कधीही, कुठेही अडकतं. नेमक्या एका पायरीवर दरवेळी अडकत असेल, तर बहुधा आज्ञावलीत किंवा ड्रायव्हरमध्ये काहीतरी आहे. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाशी बोलायची भाषा जाणणारा छोटा प्रोग्रॅम. आणि गंमत बघा, जोसेफ मारी जॅकार्डने हा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आणला, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना त्याच्यावरूनच उचलली. म्हणजे लॅपटॉपचं आणि सोलापुरी चादरीचं नातं लांबचं का होईना, पण आहे.

पण एकाच जागी अडकतंय का हे कळणार कसं? पडद्यावर तर नुसतं गोल चिन्ह. इथे येते या सगळ्यातली खरी किल्ली.

लिनक्स सुरू होताना गप्प नसतं. आपण काय करतोय ते ओळीगणिक सांगत असतं : डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला, वायफाय सापडलं... शेकडो ओळी. पण सामान्य माणूस ते बघून घाबरेल म्हणून पाठवतानाच दोन शब्द घालून ठेवलेले असतात : क्वाएट आणि स्प्लॅश. पहिल्याचा अर्थ गप्प बस. दुसऱ्याचा अर्थ वर छानसं चित्र टाक. म्हणजे मशीन अडकतं तेव्हा ते का अडकलं हे बहुतेक वेळा सांगतही असतं, पण आपणच त्याच्या तोंडावर रुमाल धरलेला असतो.

रुमाल काढणं सोपं आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करताना पहिली यादी येते तेव्हा एंटर न दाबता इंग्रजी ई हे अक्षर दाबायचं. चार-पाच ओळींचा मजकूर उघडतो. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची. तिच्या शेवटाकडे हे दोन शब्द असतात. ते खोडायचे आणि एफ१० दाबायचं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, कायमचं काही बिघडत नाही. म्हणून भीती नाही.

पोरीने खोडलं. एफ१० दाबलं. आणि पडद्यावरून ओळींचा पूर आला... सर्रर्र करून वर सरकल्या आणि थांबल्या. बाप म्हणाला, "अगं बया!" पोरगी मात्र वाकून वाचायला लागली.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा असतो, सुरू झाल्यापासूनचे सेकंद. आम्ही मोबाइलने फोटो काढला. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा फोटो. तिसऱ्यांदा पुन्हा. तिन्ही फोटो शेजारी ठेवले. तिन्हींत सातव्या सेकंदाच्या आसपास, त्याच ओळींवर थांबलेलं. बापाकडे बघून म्हटलं, अरे, तुझ्या हिशेबाने खोट कार्डात आहे. तो खूश!

ओळी इंग्रजीत. मराठी माध्यमाची मी आणि मराठी माध्यमाचीच ती. पण ही इंग्रजी शेक्सपिअरची नाही हो. पंधरावीस शब्द पुन्हा पुन्हा येतात. फेल्ड, म्हणजे जमलं नाही. टाइमआउट, म्हणजे वाट बघून थकलो. नॉट फाउंड, म्हणजे सापडलं नाही. अनेबल, म्हणजे करता येत नाही. रिट्राइंग, म्हणजे पुन्हा प्रयत्न करतोय. पोरीने वहीच्या मागच्या पानावर शब्द आणि शेजारी मराठी अर्थ अशी यादी केली. वर मथळा दिला : मशीनची इंग्रजी.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. जुन्या लॅपटॉपवर फर्मवेअर बग, एसीपीआय एरर अशा भीतीदायक ओळी हमखास येतात आणि बहुतेक वेळा मशीन त्यांना ओलांडून पुढे जातं. त्यांना धरून बसू नये. दुसरं, अगदी शेवटची ओळ म्हणजेच कारण असं नसतं. ती शेवटची लिहून झालेली गोष्ट असते. खरा घोटाळा पुष्कळदा तिच्या पुढच्या, न लिहिल्या गेलेल्या पायरीत असतो. म्हणून शेवटच्या दहा-पंधरा ओळी एकत्र वाचाव्यात. आमच्या पंधरा ओळींत एका ड्रायव्हरचं नाव चार वेळा आलं होतं आणि त्याच्यासमोर टाइमआउट. तो ड्रायव्हर होता ग्राफिक्सचा.

आता उलगडा झाला. या लॅपटॉपात ग्राफिक्सच्या चिप दोन. एक प्रोसेसरच्या पोटातली साधी. दुसरी वेगळी बसवलेली, खेळ खेळण्यासाठी. (नातवाचे पराक्रम!) सुरू होताना लिनक्सचा गाभा पडद्याचा आकार आणि बारकावा स्वतः ठरवतो. २००९ च्या सुमारास ही पद्धत आली, आधी हे काम दुसरीकडून व्हायचं. ते ठरवायला तो त्या दुसऱ्या चिपशी बोलायला जायचा, ती उत्तरच द्यायची नाही, आणि हा वाट बघत तिथेच उभा. एवढंच. मशीन मेलं नव्हतं. दारात उभं होतं.

यावरचा उपाय प्रसिद्ध आहे. त्याच ओळीच्या शेवटी, जिथले शब्द खोडले तिथे, नोमोडसेट असा शब्द घालायचा. इंग्रजी अक्षरं सांगते : एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सलग, मध्ये जागा नाही. अर्थ असा की पडद्याची मांडणी तू आत्ता करू नकोस, आहे तशी राहू दे. मिंटच्या पहिल्या यादीत कम्पॅटिबिलिटी मोड नावाची एक ओळ असते, ती निवडली की हा शब्द आपोआप लागतो. पण मी पोरीला हातानेच घालायला लावला. काय केलं ते कळायला हवं ना.

एफ१०. ओळी सरकल्या. पाच सेकंद, सहा, सात, आठ... आणि सरकतच राहिल्या. मग मिंटचा हिरवा पडदा आला. चित्र मोठं मोठं, जरा बेढब. पण आलं! पोरगी काही बोलली नाही. तिने वहीत लिहिलं : बदल एक, नोमोडसेट, चालू.

"बदल एक" हे तिने लिहिलं म्हणून सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमचा दुसरा नियम होता. ओळखीचे लोक उपाय सांगतात तेव्हा पाच-सहा शब्दांची माळच देतात : हेही घाला, तेही घाला. सगळे एकदम घातले आणि चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही. त्यातला एखादा शब्द पंखा बंद पाडतो, एखादा बॅटरीचा हिशेब बिघडवतो, आणि तो आपल्या गळ्यात कायमचा. वैद्याने पाच पुड्या एकदम दिल्या आणि ताप उतरला, तर कुठली पुडी लागू पडली हे त्यालाही सांगता येणार नाही.

मग प्रत्यक्ष लिनक्स टाकलं. डिस्कवरचं नातवाचं सगळं आधीच काढून घेतलेलं होतं, कारण टाकताना डिस्क पुसली जाते, हे कुणीही विसरू नये. आपण ज्याला मशीन देणार आहोत त्याच्यासाठी मिंटमध्ये ओईएम इन्स्टॉल नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात आपण सगळं बसवून द्यायचं, आणि घेणाऱ्याने पहिल्यांदा सुरू केल्यावर आपलं नाव, आपला पासवर्ड स्वतः घालायचा. मला हे फार आवडलं. देणाऱ्याचं नाव मागे राहत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात झालं. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, आणि... चिन्ह आलं आणि मशीन थिजलं. पुन्हा!

मी पोरीकडे बघितलं. खरं सांगते, मला मशीनची काळजी नव्हती. तो शब्द एका वेळेपुरताच होता, आता तो नव्या लिनक्सला सांगायचा राहिला होता, हे मला माहीत होतं. मला बघायचं होतं ती काय म्हणते. आठवडाभरापूर्वी याच जागेवर ती "नाही जमणार" म्हणाली होती.

तिने वही मागे उलटली. थोडं वाचलं. मग म्हणाली, "बाई, एकदाच्यापुरतं होतं ना ते? मग इथंबी ई दाबून घालावं लागंल." मी म्हटलं, पण यादीच दिसत नाहीये. "मग यादी कशी आणायची तेवढं सांगा." सुरू होताना एस्केप दाबायचं, काही मशीनवर शिफ्ट धरून ठेवायची, एवढं मी सांगितलं. बाकी सगळं तिने केलं. मी हात मांडीवर ठेवून बसले.

आणि मग तिने एक प्रश्न विचारला. "बाई, दोन चिप आहेत ना? नोमोडसेटने दोघींनाबी गप्प केलं का? म्हणून चित्र असं मोठं दिसतंय का?" बरोबर तसंच असतं. नोमोडसेट सरसकट सगळ्यांना लागू होतो. म्हणून तो निदानापुरता चांगला. कायमचा ठेवला तर पडदा बेढब आणि व्हिडिओ अडखळत. त्याऐवजी त्रास देणाऱ्या ड्रायव्हरचं नाव, टिंब, मोडसेट, बरोबरचं चिन्ह आणि शून्य, असं लिहिलं की तेवढाच गप्प बसतो आणि साधी चिप नीट काम करते. फोटोतून ड्रायव्हरचं नाव बघून तिनेच टाइप केलं. पडदा आला तो स्वच्छ, पुरा. मग तोच शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहिला आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा दिली. ग्रब म्हणजे सुरुवातीची ती यादी दाखवणारा प्रोग्रॅम. तीन वेळा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा आलं.

आता थोडं खरंखरं. लिनक्सने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. काही परीक्षांची, काही कार्यालयांची सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवरच चालतात, त्याला इलाज नाही. लॅपटॉपची डिस्क जुनी फिरती होती, ती काढून एसएसडी घातली तर वेग पुष्कळ वाढेल. बाप म्हणाला, दिवाळीच्या बोनसला बघू. आणि कधी खरोखरच मशीन गेलेलं असतं. मेमरी खराब असेल तर कितीही ओळी वाचून ती बरी होत नाही. पण ते वाचल्यावर कळतं. न वाचता "गेलंय" म्हणणं वेगळं.

अजून एक काम झालं. मराठी कीबोर्ड बसवला, इनस्क्रिप्टचा. सरकारने ठरवलेली मांडणी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पोरीने मराठीत पहिली फाइल केली. त्यात वहीतले ते इंग्रजी शब्द आणि अर्थ टाइप केले. म्हणाली, वर्गातल्या पोरींना देते. आता त्या यादीत चाळीसेक शब्द झालेत. त्यातले निम्मे माझ्यासाठीही नवे आहेत.

हे सगळं एवढं लांबण लावून लिहायचं कारण तेच. या अडचणीवरचे उपाय इंग्रजीत ढिगाने आहेत, मराठीत शोधायला गेलं की हाताला फार लागत नाही. आणि मराठी माध्यमाचं मूल अडतं ते पुष्कळदा यंत्रापाशी नव्हे, पडद्यावरच्या त्या ओळींपाशी. ओळी दिसल्या की त्याला वाटतं, हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही. तर तसं नाही. ते ज्याचं मशीन अडलंय त्याच्यासाठीच लिहिलेलं असतं.

म्हणून थोडक्यात पुन्हा : अडलं तर लगेच पुसू नका. घड्याळ लावून थांबा. कॅप्स लॉक बघा. फाइलचा ठसा ताडा. क्वाएट आणि स्प्लॅश खोडा, फोटो काढा, तीनदा काढा. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा. वीज तोडण्याआधी आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं सावकाश एकामागून एक दाबून बघा. गाभा जागा असेल तर तो डिस्कवरचं काम नीट मिटवून मग मशीन पुन्हा सुरू करतो.

आणि पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनो, तुमच्या कपाटात विंडोज ११ न घेणारे लॅपटॉप पडून असतील तर भंगारात देऊ नका. आपलं सगळं त्यातून काढून घ्या आणि सोलापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवून द्या. चार्जर आठवणीने पाठवा. पोरीच्या वर्गातल्या आणखी दोघी वाट बघताहेत, आणि बसवून द्यायला मी नाही बसणार. पोरगीच बसणार आहे.